अक्रोडाचं टेबल आणि खांद्याचं माप

आधीच माफी मागतो. या अंकात आपल्या कामाबद्दल जी मंडळी लिहितात, त्यांचे केस त्या कामात पांढरे झालेले असतात. माझ्या मिशाही अजून नीट आलेल्या नाहीत. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर श्रीरामपुरात थॉमसमामांच्या वर्कशॉपमध्ये पॉलिशचं काम, एवढाच माझा अनुभव. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायलाही कुणी नाही. वडील टेम्पो चालवतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "खरं लिव्ह आन् थोडं लिव्ह." पहिलं जमेल असं वाटतं. दुसऱ्याची खात्री देत नाही.

थॉमसमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. त्यांच्या वर्कशॉपात खिडक्या, पलंग, देवळातली (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) बाकं अशी सगळी सुतारकामं होतात, पण गावात आमची ओळख एकाच नावाने आहे. पेटीवाले. पेटी म्हणजे शवपेटी. आमच्या ख्रिस्ती समाजात कुणी गेलं की घरातलं कुणीतरी मामांच्या दारात येऊन उभं राहतं. मामा विचारतात, "उंची किती? खांद्यात किती?" आणि रंधा उचलतात. बाकी काही बोलत नाहीत.

हे काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून थोडं सांगतो. शवपेटी ही सरळ खोक्यासारखी नसते. ती खांद्याशी रुंद असते आणि पायांकडे निमुळती होत जाते. बाजूची फळी खांद्यापाशी वाकवावी लागते. त्यासाठी फळीला आतल्या अंगाने करवतीच्या खाचा पाडायच्या, त्यावर कढत पाण्याची फडकी ठेवायची आणि फळी हळूहळू वळवत न्यायची. घाई केली की ती मोडते. मामांच्या हातून मोडलेली मी पाहिलेली नाही, माझ्या हातून बऱ्याच मोडल्या.

दुसरी गोष्ट बुडाची. मामा पेटीचं बूडही रंधून गुळगुळीत करतात आणि मला त्याला पॉलिश करायला लावतात. नवीन होतो तेव्हा मी कुरकुर केली होती. "मामा, हे बूड कोण बघणार आहे?"

"बघत कुनीच न्हाई," मामा म्हणाले. "पन उचलनाऱ्याचा हात तिथंच लागतो. ज्याचं मानूस गेलंय त्याच्या हातात वरनं फास जायाला नको."

फास म्हणजे लाकडाचं बारीक कुसळ. तेव्हापासून मी बुडाला हात फिरवल्याशिवाय काम संपलं असं म्हणत नाही.

गिऱ्हाइकंही नमुनेदार भेटतात. आमचे सायमन गुरुजी कोल्हारच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतःची पेटी आधीच करून घेतली आहे. का, तर "मुलं घाईत कसलीही आणतील." ती पेटी ते मधूनमधून पॉलिशला आणतात आणि आत झोपून माप तपासतात. "थॉमस, मी वाळलो बरं का. खांद्याला सैल होतेय." मामा म्हणतात, "गुरुजी, दोन घास जास्त खावा. पेटी कापत बसनार न्हाई मी."

असं हे हसतखेळत चालायचं. पण एकदा पेटी पोचवून टेम्पोतून परत येताना मामा एकदम म्हणाले, "योहान, आपलं समदं चांगलं काम खाली जातं बघ. मातीत. एखादं तरी वर ऱ्हावं." पुस्तकातलं काहीतरी आठवलं होतं, पण ते म्हणवेना.

म्हणून स्नेहलताईंचं काम मी एका दमात घेतलं.

स्नेहलताई कोल्हारच्या एका बागायतदार घरातल्या सूनबाई. वकिली करतात. त्यांच्या घरी मी जुन्या जेवणाच्या टेबलाला पॉलिश करायला गेलो होतो. काम बघून त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. फ्रान्समधल्या जुन्या काळच्या धाटणीचं लिहायचं टेबल. अक्रोडाचं लाकूड, हरणाच्या मागच्या पायासारखे बाकदार पाय, दोन्ही बाजूंना पोट आल्यासारखा फुगवटा, पुढे खण, खणांना पितळी मुठी आणि सगळीकडे कोरलेली पानं, वेली, शिंपले. "असं नवीनच करून हवंय, पण जुन्यासारखं दिसायला हवं. होईल का तुमच्याकडे?"

मी "होईल" म्हणालो. मामांना विचारलंही नव्हतं.

मामांनी फोटो बराच वेळ बघितला. बोटाने मोठा केला, परत लहान केला. मग म्हणाले, "ह्याचा खांदा तर आपलाच हाय की." त्या फुगवट्यावर त्यांचं बोट होतं.

स्नेहलताई वर्कशॉपमध्ये बोलणं पक्कं करायला आल्या त्या दिवशी तिथे एकही पेटी नव्हती. मामांनी टेप हातात घेतला आणि सवयीने विचारलं, "उंची किती? खांद्यात किती?"

माझे कान गरम झाले. पण ताई खूश झाल्या. "बघा, माणसाच्या मापाने टेबल करायचं हे मोठ्या दुकानात कुणाला सुचलं नाही!" त्या सरळ उभ्या राहिल्या आणि मामांनी त्यांचं माप घेतलं. खरं सांगायचं तर त्या मापाचा उपयोगही झाला. टेबल त्यांच्या कोपराच्या उंचीला बेतलं गेलं.

अक्रोडाच्या फळ्या मुंबईहून मागवल्या. ते लाकूड मी पहिल्यांदाच हाताळलं. रंग चहाच्या चोथ्यासारखा, आत काळसर लाटा. पटाशी त्यात अशी जाते की आवाज बारीक येतो आणि साल कुरळी होऊन पडते. मामा पहिल्या दिवशी नुसतेच साली वेचून वास घेत होते.

फुगवटा जमला. खाचा, कढत फडकी, आणि मामांचा संयम. अडलं ते पानांपाशी. फोटोतली पानं जवळ घेतली की धूसर व्हायची. मामांचा हात द्राक्षं आणि गव्हाच्या ओंब्यांना सरावलेला, कारण देवळाच्या कामात तेच असतं. फाटक्या कडांचं ते परदेशी पान त्यांनी एका तुकड्यावर कोरून पाहिलं. वडील डोकावून म्हणाले, "मेव्हणं, कोबी झकास आलाय."

मामांनी तो तुकडा चुलीत घातला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी कॉलेजला सायकलने कालव्याच्या कडेने जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना भरावावर पिवळा धोत्रा उभा होता. ते काटेरी तण रोज दिसतं, पण त्या दिवशी मी ब्रेक मारला. कातरलेल्या कडा, टोकाशी वळलेलं, मधे पांढरट शीर. फोटो काढून पाहिला. तेच पान, नाहीतर त्याची बहीण तरी. रुमालात धरून उपटलं, बोटं सोलली, आणि कॉलेज सोडून मी परत फिरलो.

मामांनी ते झाड बाटलीत ठेवलं, समोर घेतलं आणि बघत बघत कोरायला बसले. लाकडातलं पान वळलं, त्याच्या टोकाला जीव आला. वडील पुन्हा डोकावले. या वेळी काही न बोलता निघून गेले. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

पॉलिश माझं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्याने हात न थांबवता फिरवत राहायची. हात थांबला की डाग पडतो. असे कितीतरी पातळ हात चढले की लाकूड आतून उजळल्यासारखं दिसतं. जुनेपणासाठी कोरीवकामाच्या खोलगट भागात जरा गडद रंग ठेवला आणि कडा पुसून हलक्या केल्या, जणू पिढ्यान् पिढ्या कुणाचे हात तिथे टेकले आहेत. शेवटी टेबल उलटं करून बुडाला पॉलिश केलं. या वेळी मामांना सांगावं लागलं नाही.

खण मामांनी इतके नेमके बसवले होते की एक खण आत ढकलला की शेजारचा खण आतल्या हवेने आपोआप बोटभर पुढे यायचा. मी वेड्यासारखा तो खेळ करत बसलो होतो.

आणि मग नाना आले.

नाना म्हणजे स्नेहलताईंचे सासरे, घरातले कर्ते. टेबल तयार झाल्याचं कळल्यावर ताई त्यांना दाखवायला घेऊन आल्या. पांढरी टोपी, पांढरं धोतर, दारातून आत येतानाच त्यांची नजर मधल्या लाकडी घोडीवर ठेवलेल्या पेटीवर गेली.

"ह्ये काय हाय?"

"पेटी," मामा म्हणाले.

"कशाची?"

"मयताची, नाना."

नाना जागच्या जागी थांबले. तेवढ्यात पेटीतून आवाज आला, "कोण, नामदेव का रे?" आणि माप तपासायला आत झोपलेले सायमन गुरुजी उठून बसले.

"आई आई आई!" नाना दोन पावलं मागे गेले. मग त्यांनी ओळखलं. शाळेत गुरुजींनी त्यांना शिकवलेलं. सवयीने ते पाया पडायला वाकले आणि मधेच थबकले, कारण गुरुजींचे पाय पेटीत.

"पड की पाया," गुरुजी म्हणाले. "पाय अजून माझेच आहेत."

"गुरुजी, तुमी आदी उटा तिथनं."

"उठतो. तू फक्त खांद्याला सैल दिसतेय का ते सांग."

मला हसू आवरत नव्हतं, पण नानांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. ते सुनेकडे वळले. "सूनबाई, ह्ये टेबल आपल्या घरात यायाचं न्हाई."

"नाना, ते टेबल आहे. पेटी नाही."

"एकाच रंध्याखालनं गेलंय."

गुरुजी पेटीतून उतरत म्हणाले, "नामदेव, ज्या विहिरीचं पाणी दहाव्याला काढतात, तिचंच लग्नालाही काढतात. तुझ्या गावात वेगळी विहीर आहे का?"

"तुमच्याशी मी वाद न्हाई घालनार, गुरुजी."

ताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सासूबाई गेल्यापासून नाना असेच झालेत. घरात कुणी मरणाचं नाव काढलेलं त्यांना चालत नाही. आणि मला काय माहीत तुम्ही हे पण करता!" त्यांना उंचीचं माप आठवलं असावं. तोंडावर पदर धरून त्या हसल्या, पण डोळ्यांत काळजी होती.

मला एकच सुचलं. मी टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "नाना, घेऊ नका. पण हा खण एकदा लावून बघा."

नानांनी नाइलाजाने खण ढकलला. शेजारचा खण पुढे आला. त्यांनी तो ढकलला. पहिला पुढे आला. त्यांनी पुन्हा ढकलला. मग भानावर आल्यासारखे हात धोतराला पुसून ते बाहेर पडले.

मामा रात्री जेवताना म्हणाले, "त्याचं चुकलं न्हाई." एवढंच.

ताई हट्टी निघाल्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "घेऊन या. जे होईल ते मी बघते." वडिलांच्या टेम्पोत टेबल गोधड्यांत गुंडाळून आम्ही कोल्हारला गेलो. नाना ओट्यावर उभे होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, कमी काही केलं नाही. पण टेबल उंबऱ्यात येऊ दिलं नाही. हाताने मागच्या शेडकडे दाखवलं.

शेडमध्ये खताच्या गोण्या होत्या, फवारणीचा पंप, तुटका पाइप, कोंबड्या. तिथे आम्ही ते टेबल उतरवलं. कोंबडी लगेच त्याच्यावर चढली. वडिलांनी तिला हाकललं. मामांनी खांद्यावरची चादर काढून टेबलावर पांघरली, चारी बाजूंनी खाली ओढून नीट केली. पेटीवर घालतात तशी. मला ते बघवलं नाही.

टेम्पोत बसल्यावर मामांनी एकदा मागे वळून शेडकडे बघितलं. मग म्हणाले, "खालीच गेलं म्हनायचं."

"जमिनीवरच हाय अजून," वडील म्हणाले.

"खताच्या गोनीशेजारी. मातीच ती."

त्यानंतर मामांनी पेटीशिवाय दुसरं काम घेणं बंद केलं. एक जण दिवाणाची चौकशी करायला आला, त्याला त्यांनी दुसऱ्या सुताराकडे पाठवलं. कोरीवकामाच्या पटाश्या तेल लावून फडक्यात गुंडाळून वर फळीवर ठेवल्या. मी म्हटलं, "मामा, असं कसं?" तर म्हणाले, "तू शीक. प्रोफेसर हो. कालव्याकडंचं तन बघून सायकल थांबवत जाऊ नकोस." माझी परीक्षा होती. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की मला त्यात चादर दिसायची. मी "होईल" म्हणालो नसतो तर मामांनी तो फोटो बघितला नसता, हेच मनात यायचं. ताईंना फोन करावा असं रोज वाटायचं आणि रोज धीर व्हायचा नाही.

शेवटचा पेपर देऊन मी कॉलेजच्या फाटकाबाहेर सायकलचं कुलूप काढत होतो तेव्हा फोन वाजला. स्नेहलताई.

"योहान, माझं टेबल मला परत मिळवून दे बाबा!"

मला वाटलं, टाकून दिलं.

"अरे, ऐकतोयस ना? नानांनी पळवलं माझं टेबल!"

मग त्यांनी सांगितलं ते असं. नाना फवारणीचा पंप दुरुस्त करत शेडमध्ये बसले होते. पंपाचा नट हातातून निसटून टेबलाखाली गेला. नाना गुडघ्यावर बसून चाचपडायला लागले. नट सापडला, पण उठताना आधाराला हात टेबलाच्या बुडाला लागला. हात तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग गड्याला हाक मारून बॅटरी आणायला लावली आणि धोतरासकट जमिनीवर पडून बूड बघितलं. त्यानंतर खताच्या गोणीवर बसून बराच वेळ खण लावले, उघडले, लावले. संध्याकाळी चार गडी बोलावले आणि टेबल उचलून घरात आणलं. सुनेच्या खोलीत नाही, बैठकीत, स्वतःच्या खुर्चीसमोर.

"आता रोज पेपर त्याच्यावरच वाचतात. येईल त्याला खण लावून दाखवतात. पाहुणे चहा मागतात आणि नाना खण दाखवतात. थांब, त्यांनाच बोलायचंय."

फोनवर खोकल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "पोरा, एक सांग. टेबलाच्या बुडाला पालिश कशापायी केलंस? तिथं कोन बघनार हुतं?"

मी म्हणालो, "सवय आहे, नाना. पेटीचं करतो ना आम्ही, त्यामुळे. उचलणाऱ्याच्या हातात फास जाऊ नये म्हणून मामा बूड रंधतात."

पलीकडून खण लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, मी पुन्हा चुकीचं बोललो.

"आमच्या हिला उचलली तवा," नाना म्हणाले, "तिरडीच्या बांबूची फास शिरली हुती माझ्या तळव्यात. लई दिस ठसठसत हुती. मी कुनाला बोललो न्हाई." मग आवाज खाकरून मोकळा करत म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, जे कुनाला दिसनार न्हाई ते त्यो असं करतो, म्हंजे मानूस खरा हाय. आन् ह्येबी सांग, ह्ये टेबल सूनबाईच्या मापाचं हाय. माझं गुडघं आपटत्यात. मला माझ्या मापाचं पायजे. तसंच. पानं बी तशीच."

मी सायकल इतकी जोरात मारली की साखळी दोनदा उतरली. वर्कशॉपात मामा पटाशीला धार लावत होते, पेटीच्या कामाचीच. सायमन गुरुजी बाकावर बसून पेपर वाचत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, फासेचंही. मामांचा हात दगडावर थांबला.

"घरात घेतलं?"

"बैठकीत, मामा. स्वतःसमोर."

"म्हंजे वरच हाय."

"वरच आहे. आणि दुसरं करायचंय, नानांच्या मापाचं."

मामा उठले. वरच्या फळीवरचं फडकं काढलं, कोरीवकामाच्या पटाश्या एकेक करून बाकावर मांडल्या. खिळ्यावरचा टेप उतरवला, सदऱ्याला पुसला. तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाठ दिसत होती, आणि ती ताठ होती.

"माप घ्यायला कवा जायाचं कोल्हारला?" त्यांनी विचारलं.

तेवढी एक बातमी सांगायची राहिली होती. "जायचं नाही, मामा. नाना रविवारी स्वतः इथे येतायत. म्हणाले, उंचीचं घ्या आणि खांद्याचंही घ्या. इथेच, पेट्यांशेजारी उभं राहून देतो."

गुरुजींनी पेपर खाली केला. "नामदेवला सांगून ठेव," ते म्हणाले, "माप देताना पोट आत ओढू नकोस. थॉमस एकदा लिहिलं की बदलत नाही."